पट्टेवाल्याची परीक्षा

पट्टेवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कचेरीतला शिपाई उभा राहतो, आणि या एका घोटाळ्यानं आपल्या या गृहस्थाला जन्मभर पिडलं. एकदा तर एका बँकेतल्या साहेबानं त्याच्या हातात फायलींचा गठ्ठा ठेवला आणि "वरच्या मजल्यावर दे" म्हणून फर्मावलं. यानं मुकाट्यानं गठ्ठा वर पोचवला, खाली आला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं काम झालं. आता माझं करा. दारातल्या रस्त्यावर पट्टे मारायचेत, तुमची गाडी तेवढी काढा."

तर हा रस्त्यावर पट्टे मारणारा माणूस. मधली तुटक रेघ, कडेची सलग रेघ, शाळेपुढचे आडवे जाड पट्टे, सगळं त्याच्या हातचं. आधी दोरीला खडूची पूड चोळून सूत मारायचं, मग टाकीत वितळलेला रंग यंत्रात ओतून ते ढकलत न्यायचं, आणि पट्टा ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पेरायचे, म्हणजे गाडीच्या दिव्यात तो चमकतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! पन्नास पावलं सरळ चालायचं म्हटलं तरी भल्याभल्यांची तिरपीट उडते. याचं सूत मात्र कधी हललं नाही. पट्टीचा पट्टेवाला होता तो, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. विनय वगैरे भानगड त्याच्याकडे नव्हती.

धंद्यातली एक गोष्ट त्याला फार आवडायची. रस्ता नवा झाला, डांबर निवलं, की त्या काळ्याभोर कोऱ्या रस्त्यावर सगळ्यात आधी चालायचं ते यानं. "लोक रेघ बघून चालतात," तो म्हणायचा, "आपण पुढं चालतो, रेघ मागनं येते."

त्याचं लग्नही एका पट्ट्यानंच जुळवलं. एका सकाळी ओल्या पट्ट्यावरून गाडी शिकवणाऱ्या शाळेची एक मोटार खुशाल गेली आणि चाकांचे दोन पांढरे माग थेट शाळेच्या फाटकापर्यंत काढून मोकळी झाली. हा माग काढत भांडायला गेला. मोटारीतून शिकवणाऱ्या बाई उतरल्या आणि त्यांच्या जिभेचा पट्टा असा सुटला, की याचा पट्टा त्यापुढं फिका पडला. "पाटी कुठंय? अडसर कुठंय? ओल्या रंगाला काय वास घेऊन ओळखायचं?" पाटी वाऱ्यानं पडली होती, हे खरंच होतं. हा आल्या पावली परतला. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेला, तिसऱ्या दिवशी उगीचच गेला. सूत मारणाऱ्याचं सूत जुळलं ते असं.

बायकोला तिचे विद्यार्थी ब्रेकबाई म्हणत. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ चालक गडबडला की तो दाबायचा. इतकी वर्षं तो दाबून बाईंना सवयच जडली होती. घरी खुर्चीत बसल्या असताना कुणी कपबशी टेबलाच्या काठाशी ठेवली, तरी त्यांचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबला जायचा. नवरा हसायचा. "अगं, फरशीला ब्रेक नसतो." त्या म्हणायच्या, "माहितीये. पायाला सांगा."

आणि मग नवऱ्याच्याच पायांनी सांगितलेलं ऐकणं बंद केलं.

सुरुवातीला एक हात चालताना हलेना. मग पावलं आखूड झाली. मग आवाज बसला. अख्ख्या रस्त्यावर हाळी देणारा माणूस जेवताना मीठ मागायचा तर बाईंना ऐकू यायचं नाही. "जरा मोठ्यानं बोला हो!" हे त्यांचं पालुपद झालं. आणि मग एके दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला तो उभाच. पाय उचलेचनात, जणू फरशीला चिकटवलेत. वरचं अंग पुढं निघालं, पाय मागं राहिले आणि गडी उंबऱ्यावर पालथा.

डॉक्टरांनी नाव सांगितलं पार्किन्सन. मेंदूच्या आत खोलवर काही पेशी असतात. त्या एक रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर माणूस विचार न करता हलतो-चालतो. त्या पेशी मरत चालल्या होत्या. घरी येताना ब्रेकबाईच म्हणाल्या, "नावातच पार्किंग आहे मेल्याच्या. तरीच म्हटलं, हे कुठंही गाडी लावून उभे कसे राहतात." तो हसला. मग दोघंही रस्त्यात उभं राहून रडले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

गोळ्यांनी बरं वाटायला लागलं. पण गोळीचा अंमल असेपर्यंतच. अंमल उतरला की पाय पुन्हा पार्क. अशाच एका दुपारी तो घराबाहेर अडकत, घसटत शाळेपुढच्या चौकात आला. समोर त्यानं स्वतः मारलेले पट्टे. त्यानं पहिल्या पट्ट्याकडं पाहिलं आणि पाय उचलला. दुसरा पट्टा, दुसरा पाय. गडी तरातरा पलीकडं! पलीकडच्या सपाट फरसबंदीवर मात्र पुन्हा खिळला. तो वळला, पट्ट्यांवरून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. चौकातला पोलीस बघत राहिला, की हा बाबा रस्ता ओलांडतोय की रस्त्याची मोजणी करतोय.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं, की या आजारात असं घडतं. डोळ्यांना आडवी रेघ दिसली, की मेंदू दुसऱ्याच वाटेनं पायांना हुकूम पोचवतो. कुणी ताल धरला, "एक-दोन, एक-दोन" म्हटलं, तरी काहींचे पाय सुटतात. मग काय, आठवडाभरात अख्खं घर त्यानं चिकटपट्ट्यांनी आखून काढलं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून टेबलापर्यंत. ब्रेकबाई गरम चहा घेऊन निघाल्या आणि हा पट्ट्यांवर असला, की त्या थांबायच्या. "जा बाबा, पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मीच लोकांना शिकवते."

घरात असं निभावलं. धंद्यात नाही. एका नव्या रस्त्यावर, सूत मारून तयार, यंत्र हातात, आणि पाय खिळले. दोरीची रेघ आडवी नव्हती, लांब सरळ होती. तिचा उपयोग होईना. यंत्र जागीच उभं राहिलं आणि त्यातून रंग गळत राहिला. काळ्या रस्त्याच्या मधोमध पांढरं थारोळं साचलं. कामावरच्या जोडीदारानं धावत येऊन झडप बंद केली आणि यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. तेच पट्टेवाल्याला जिव्हारी लागलं. घरी येऊन तो म्हणाला, "आखलेल्यावर तर कुणीही चालेल. कोऱ्या रस्त्यावर चालता येत नाही, तो कसला पट्टेवाला?" त्याला बरं व्हायचं होतं ते एवढ्याचसाठी. कोऱ्या रस्त्यावर, कुणी ताल न धरता, आपल्या पायानं चालायचं होतं.

मेहुण्यानं, म्हणजे ब्रेकबाईंच्या भावानं, हे ऐकलं आणि तो एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन हजर झाला. "स्टेम सेल! एक सलाईन, आणि भावजी पळायला लागतील. गुडघेदुखी, टक्कल, पार्किन्सन, सगळ्यावर चालतं."

"एकाच बाटलीतून?" ब्रेकबाईंनी विचारलं.

"एकाच."

"आणि बाटलीला कसं कळणार कुठं काय उगवायचंय ते? यांच्या गुडघ्याला केस आले आणि टकलावर गुडघा आला, तर तू निस्तरणार? तुझं बरंय, तुझा मेंदू आधीपासूनच गुडघ्यात आहे."

मेहुणा बिचारा चहा न पिताच गेला. पण 'स्टेम सेल' हे दोन शब्द मागं राहिले. पुढच्या भेटीत पट्टेवाल्यानं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पत्रकच दाखवलं. बाई तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, आणि बोलायच्या सरळ.

"हे फाडून टाका," त्या म्हणाल्या. "पण शब्द खरा आहे. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. आपण पुढं काय व्हायचं, हे जिनं अजून ठरवलेलं नाही अशी पेशी. ती त्वचा होऊ शकते, हाड होऊ शकते. प्रयोगशाळेत तिला हळूहळू वळण लावून तुमच्यातल्या मेलेल्या पेशींच्या जातीची करता येते. अगदी पूर्ण नाही, थोडी कोवळीच ठेवतात. मग कवटीला बारीक भोकं पाडून ती नेमक्या जागी सोडायची. तिथं ती रुजली, तर ते रसायन तयार करेल. आमच्याकडे याची चाचणी सुरू होतेय."

पट्टेवाला विचारात पडला. "म्हणजे कोरा रस्ता," तो म्हणाला. "थोडं सूत तुम्ही मारून देणार, पुढची रेघ तिनं ओढायची."

"जवळपास तसंच. पण ऐका. ही चाचणी आहे, उपाय नव्हे. आधी बघायचंय ते हे धोक्याचं नाही ना. फायदा होईलच असं मी म्हणणार नाही. शरीरानं परक्या पेशी झिडकारू नयेत म्हणून निराळ्या गोळ्या घ्याव्या लागतील, आणि त्या त्रासदायक असतात. फायदा झालाच तर दिसायला वर्ष जाईल."

"चालेल," तो म्हणाला.

"घरी विचार करा."

"केला."

ब्रेकबाईंचा पाय दवाखान्याच्या फरशीवर गच्च दाबला गेला होता. पण त्या आठवडाभर भांडल्या, शंभर प्रश्न विचारून झाले, डॉक्टरीणबाईंना फोन करून करून भंडावून सोडलं, आणि मग म्हणाल्या, "चला. तुम्ही जन्मात वाकडी रेघ मारली नाहीत. मग ही तरी का वाकडी जाईल?"

आता एवढंच राहिलं होतं, की निवड व्हायला हवी. चाचणीत घेणार होते ते नेमकेच लोक. गोळीनं बरं वाटतं, पण गोळी उतरली की फार अडतं, असे. म्हणून सकाळची गोळी न घेता यायचं आणि तपासनीस सांगेल तसं चालून दाखवायचं. पट्टेवाल्याच्या कानात यातले दोनच शब्द शिरले : परीक्षा आणि निवड. झालं! गड्यानं आठवडाभर घरात पट्ट्यांवरून सराव केला. दाढी घोटली, बुटांना पॉलिश केलं, आणि चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात जाऊनही छाती अशी काढली, की सैन्यात भरती व्हायला निघालाय.

तपासणीच्या खोलीत रंगकाम चालू होतं, म्हणून तरुण तपासनिसानं त्याला बाहेरच्या लांब ओसरीत उभं केलं. "त्या खांबापर्यंत जा आणि परत या." पट्टेवाल्यानं खाली पाहिलं. एक ओळ काळ्या फरशीची, एक पांढऱ्या फरशीची. आडव्या. थेट खांबापर्यंत.

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते पाहूनच ब्रेकबाई त्याला अडवायला पुढं झाल्या. पण तोवर गडी निघाला होता. खाड, खाड, खाड! खांबाला हात लावून वळला, खाड खाड परत. तपासनीस खूष. "वा काका! तुम्ही तर छान चालता. गोळीशिवाय इतकं जमत असेल, तर तुम्हाला या चाचणीची गरजच नाही."

पट्टेवाला बायकोकडं वळून पुटपुटला, "पास!"

"अहो पास काय, पास!" ब्रेकबाईंचा आवाज ओसरीच्या दोन्ही टोकांना गेला. "नापास व्हायला आलो होतो आपण!"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. चेहरा पांढराफटक झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाईट काम करून दाखवायचं होतं, आणि नेमकं तेच त्याला जमलं नव्हतं.

एवढ्या आवाजानं डॉक्टरीणबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला, फरशीकडं बघितलं, याच्याकडं बघितलं आणि खुदकन हसल्या. "काका, तुम्ही कॉपी केलीत. फरशीवरून. आणि आमचीच चूक, कॉपी आम्हीच पुरवली. परीक्षा पुन्हा. पण ती कुठं घ्यावी? आत सगळीकडं हीच फरशी."

पट्टेवाल्यानं ओसरीबाहेर बोट दाखवलं. दवाखान्यामागं गाड्या लावायला नवं डांबर टाकलेलं आवार होतं. काळंभोर, सपाट. ठेकेदार डांबर टाकून गेला होता, आखणी राहिली होती. एकही रेघ नाही.

"तिथं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की डॉक्टरीणबाईंना पुढं वाकावं लागलं. "तिथं मला येत नाही." हे तो आजवर कुणाला म्हणाला नव्हता. बायकोलासुद्धा नाही.

आवाराच्या कडेला खुर्चीतून उतरून तो उभा राहिला. डॉक्टरीणबाई आणि तपासनीस एका बाजूला, ब्रेकबाई दुसऱ्या बाजूला. तो बायकोला म्हणाला, "तू बोलायचं नाहीस. एक शब्द नाही. तू बोललीस की मला ताल मिळतो."

ब्रेकबाईंना आयुष्यात यापेक्षा अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं पाऊल उचलायचा प्रयत्न केला. टाच हलली, पंजा चिकटलेलाच. गुडघे थरथरायला लागले. मागं कुणी गाडीवाला भोंगा वाजवत होता, दोन माणसं थांबून बघत होती. ज्या माणसानं पडलो हे सांगायला लाज वाटते म्हणून कोपराची जखम आठवडाभर लपवली होती, तो आज दिवसाढवळ्या, चारचौघांत, पॉलिश केलेल्या बुटांनिशी, दोन पावलं टाकू शकत नव्हता, आणि ते बघू देत होता. ब्रेकबाईंच्या ओठांवर "एक-दोन" येऊन थांबलं होतं. त्यांनी पदर दातांत धरला. उजवा पाय डांबरात रुतेल इतका दाबला. बोलल्या मात्र नाहीत. तो तिरपा झाला तेव्हा तपासनिसानं धावत जाऊन त्याला सावरलं.

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसता तुम्ही आमच्या चाचणीत."

"नापास?" पट्टेवाल्यानं विचारलं.

"साफ नापास," ब्रेकबाई म्हणाल्या आणि त्याच्या गळ्यात पडल्या.

पुढच्या सगळ्या तपासण्याही पार पडल्या. शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो झोपेतच होता, त्यामुळे त्याबद्दल त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. याचंच त्याला वाईट वाटलं. डोक्यावरचे टाके तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, रेघ सरळ आहे की नाही? मी आधीच बजावलं होतं." मेहुणा आला तर त्याला म्हणाला, "केस काही उगवले नाहीत हो अजून."

मग वाट पाहणं आलं. महिन्यामागून महिने गेले. त्या निराळ्या गोळ्यांनी तोंड आलं, सर्दी झाली तरी दवाखान्यात धाव घ्यायची, आणि पायांचं पार्किंग जिथल्या तिथं. ब्रेकबाई कातावल्या. तो नाही. "डांबर निवायला वेळ लागतो," तो म्हणायचा, "घाई करणाऱ्याचा पट्टा उखडतो." पुढं कधीतरी दोन गोळ्यांमधलं अडणं कमी झालं. मग एका सकाळी न्हाणीघराच्या दारातली चिकटपट्टी निघून पडली होती आणि तो तिच्याशिवायच आत जाऊन आला. त्याच्या लक्षातही आलं नाही. ब्रेकबाईंच्या आलं. दृष्ट लागेल म्हणून त्या बोलल्या नाहीत, म्हणजे हे त्यांचं दुसऱ्यांदा गप्प बसणं.

वर्ष उलटल्यावर पुन्हा तीच तपासणी. सकाळची गोळी नाही. डॉक्टरीणबाईंनी मेंदूची नवी चित्रं दाखवली. पूर्वी अंधारलेल्या जागी थोडा उजेड होता. "पेशी रुजल्यात असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण काका, एका माणसावरून मी निकाल सांगणार नाही. काहींना तुमच्याइतकंही नाही मिळालं. आणि तुमचा आजार गेलेला नाही."

"मला निकाल नको," तो म्हणाला, "परीक्षा घ्या. मागच्या जागी."

तपासणीची खोली आता रंगवून सज्ज होती, पण डॉक्टरीणबाईंनी हरकत घेतली नाही. आणि दवाखान्याचा कारभार बघा, आवार अजून कोरंच! गाड्या वाटेल तशा आडव्यातिडव्या लावलेल्या, मधे एक मोकळी काळी पट्टी. पट्टेवाला कडेला उभा राहिला. ब्रेकबाईंनी न सांगताच पदर दातांत धरला.

क्षणभर पाय हललेच नाहीत. मग एक पाऊल पडलं. आखूड होतं. त्याच्यामागं दुसरं आलं. खाड खाड नव्हतं ते, म्हाताऱ्या माणसाचं सावध चालणं होतं, जरा घसटणारं. पण खाली रेघ नव्हती आणि कानाला ताल नव्हता. तो गेला तो पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. तिथं वळताना थबकला. पण तो अडकला नव्हता. कमरेवर हात ठेवून त्या अस्ताव्यस्त गाड्यांकडं बघत होता, आणि बघता बघता त्याचा पारा चढत होता.

"अगं ए!" तो तिथूनच गरजला. "ही काय तऱ्हा आहे? नीट आखलं तर इथं दुप्पट गाड्या बसतील! जोडीदाराला फोन लाव, सूत घेऊन ये म्हणावं!"

दवाखान्याच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. तपासनिसाच्या हातातलं पेन थांबलं. ब्रेकबाईंनी सवयीनं आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं. तो जमिनीवर नुसताच टेकलेला होता. त्यांनी दातांतला पदर सोडला, डोळे पुसले आणि इतक्या वर्षांत जे वाक्य त्यांच्या तोंडी कधी आलं नव्हतं, ते ओरडून म्हणाल्या,

"अहो, हळू बोला! दवाखाना आहे हा!"